दुपारचा गुंजनपक्षी

१

पिसं रंगवायचं पाणी उकळायला लागलं की त्याला ओल्या कुत्र्यासारखा वास सुटतो. आमान्तलान ही मेशिको शहरातली पिसकाम करणाऱ्यांची आळी. सकाळी सगळ्या आळीला तोच वास असायचा. बाहेरचा माणूस नाक दाबून पुढे जायचा. आम्हाला तो वास आला नाही तरच काहीतरी चुकल्यासारखं वाटायचं.

आमच्या घरात बायका पिसं धुवायच्या, रंगवायच्या, जातीप्रमाणे वेगळी करायच्या. पुरुष ती आमरी नावाच्या फुलझाडाच्या कंदाच्या डिंकाने कापडावर बसवायचे. खाली बदकाची, बगळ्याची रंगवलेली स्वस्त पिसं आणि त्यांच्यावर लांबून आलेली भारी पिसं. अंगणाच्या एका कडेला पिसांची खोली होती. तिला खिडकी नव्हती. दाराला एकामागे एक दोन चटया लावलेल्या, म्हणजे वारा आत जाऊन पिसं उडू नयेत. उजेडासाठी छताला तळहाताएवढं भोक ठेवलेलं, बस्स.

मी सेन्तेवा. या घरात आले ती थोरल्या मुलाची, सिपाकची बायको होऊन. तो लढाईवर गेला आणि डोंगरापलीकडच्या लोकांच्या हाती लागला. आमच्याच आळीतला त्याचा एक सोबती परत आला. त्याने शपथेवर सांगितलं की शत्रूच्या देवळाच्या पायऱ्या चढताना सिपाकला त्याने लांबून पाहिलं, मान ताठ होती. आमच्यात याहून मोठं मरण नाही. वेदीवर मेलेल्याचं शरीर घरी येत नाही, म्हणून आम्ही रीतीप्रमाणे त्याची बाहुली केली. चिराच्या राळभरल्या काटक्यांची मोळी बांधली, तिला कागदाचे कपडे घातले, खांद्यांना पंख लावले. बाकीचे लोक ससाण्याची पिसं लावतात. माझ्या सासूने, तेयाकाने, गुंजनपक्ष्याची लावली. आपलं घर पिसांचं आहे, माझा मुलगा काय ससाण्याची लावून जाईल का, असं ती म्हणाली. मग तिने त्या काटक्यांच्या तोंडावर फुंकर घातली, तिला सिपाक म्हणून हाक मारली आणि आम्ही ती बाहुली जाळली.

सुतक फिटल्यावर घरातल्यांनी मला धाकट्या मुलाला, ओमाकाला दिलं. तशी पद्धतच होती. माणूस चांगला होता. पुढे कितीतरी दिवस माझ्या तोंडून त्यांना 'भाऊजी' अशी हाक जायची आणि त्यांच्या तोंडून 'काय वहिनी' असं उत्तर यायचं. मग दोघंही गोरेमोरे व्हायचो आणि हसायचो. आम्हाला मुलगी झाली. तिचं नाव शोको.

लढाईत किंवा शत्रूच्या वेदीवर गेलेला पुरुष चार वर्षं सूर्याच्या पुढे चालतो. सकाळपासून सूर्य डोक्यावर येईपर्यंत त्याला नाचत-गात घेऊन येतो. चार वर्षं सरली की तो गुंजनपक्षी होतो आणि फुलांतला मध प्यायला खाली येतो. आमच्याकडे शेंबड्या पोरालाही हे माहीत असतं. मलाही होतं. सिपाकची चार वर्षं शोको कडेवर असतानाच्या थंडीत सरणार होती. मी तसं मनातल्या मनात म्हटलं आणि कामाला लागले.

२

थंडीत आमच्याकडे फुलं नसतात. अंगणातली वेलही वाळून काडी झाली होती. सूर्य डोक्यावर आला होता. मी चटईवर पसरलेली लाल पिसं उलटी करत होते. मान वर केली तर माझ्या तोंडासमोर हातभर अंतरावर एक गुंजनपक्षी थांबलेला. पाठ हिरवी, गळा निखाऱ्यासारखा. गुंजनपक्षी थांबतो तेव्हा पंख दिसत नाहीत, दोन्ही बाजूंना नुसतं धुकं दिसतं. तसंच दिसत होतं. तो माझ्याकडे पाहून बाजूला सरला, मग दारांसमोरून एकेक करत गेला, जणू घर तेच आहे ना याची खात्री करतोय. आणि गेला.

काहीतरी चुकलं होतं. काय ते मात्र कळेना. आमचं आयुष्य त्या पक्ष्याची पिसं निवडण्यात गेलेलं, तो मला अंगावरच्या कपड्याइतका ओळखीचा. संध्याकाळी कालव्यावर पाणी भरायला गेले तेव्हा काठच्या झुडपातून दुसरा एक गुंजनपक्षी सुर्रकन गेला आणि माझ्या हातातलं मडकं तसंच राहिलं. तो भुंग्यासारखा आवाज. दुपारच्या पक्ष्याला आवाज नव्हता. तो माझ्या तोंडासमोर पंख मारत होता आणि मला पलीकडच्या चुलीवरचं पाणी खदखदताना ऐकू येत होतं.

मी यांना सांगितलं. यांच्याकडे तेव्हा एक ढाल होती, युद्धदेव हुइत्सिलोपोच्त्लीच्या देवळासाठी. मधोमध गुंजनपक्षी काढायचा होता. देवाच्या नावातच तो पक्षी आहे, तेव्हा त्यात चूक चालणार नव्हती. यांचं सगळं लक्ष तिकडे. हातातली हाडाची पट्टी न थांबवता म्हणाले की तुझ्या कानात वाफ गेली असेल.

मीही तेच धरलं.

३

दुसऱ्या दिवशी तो सासूने पाहिला. ती भिंतीला टेकून सशाची लोकर पिंजत बसली होती. पक्षी तिच्यासमोर थांबला. तिने थोडा वेळ त्याच्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, "सिपाक?"

पक्ष्याने मान वळवली.

पक्षी मान वळवतातच. मी स्वतःला तेव्हाही हेच सांगितलं. पण सासू त्या दिवसापासून बदलली. मुलगा गेल्यावर ती पाहुण्यांसमोर ताठ बसायची, एकटी असली की भिंतीशी बोलायची. आता ती सकाळपासून केस विंचरून तयार व्हायची. वाटीत घायपाताचा मध पाण्यात कालवून ठेवायची. पक्षी वाटीला शिवायचा नाही. एकदा मध चाखून पाहताना थोडा तिच्या ओठाला लागला. पक्षी सरळ आला आणि ओठावरचा मध प्यायला.

त्यानंतर रोज तसंच. सूर्य डोक्यावर आला की ती भिंतीखाली बसायची, तोंड वर, डोळे मिटलेले, ओठ किंचित उघडे. तो यायचा. त्याची जीभ दोऱ्यासारखी आत-बाहेर व्हायची. आवाज शून्य. मला ते बघवायचं नाही आणि नजरही काढता यायची नाही.

शेजारच्या नेकावालला हे कळलं तेव्हा ती भिंतीवरून डोकावून गेली. तिचा नवरा व्यापारी, वर्षानुवर्षं वाटेवर. ती मला म्हणाली, "तुमच्याकडे मेलेलेसुद्धा वेळेवर जेवायला येतात बाई. आमचे जिवंत येत नाहीत." आणि हसली. मीही हसले. मोठमोठ्याने हसले, कारण कोणीतरी या गोष्टीवर हसलं याचं मला फार बरं वाटलं.

पण सासू वाळत चालली होती. तिच्या ओठांवर सुईने टोचल्यासारखे लाल ठिपके आले होते. तिला उठायला हात द्यायला गेले तर अंदाजापेक्षा जास्तच वर आली, रिकामं मडकं भरलेलं समजून उचलावं तशी. म्हातारं माणूस थंडीत वाळतंच, मी म्हटलं. गोडाला चटावलेला पक्षी, आणि मुलावाचून झुरणारी आई. दोन्ही गोष्टी जगात आहेत.

एका दुपारी मी न राहवून चटई उचलली आणि पक्ष्यावर फिरवली. गुंजनपक्ष्याला असं मारता येत नाही, तो केव्हाच निसटतो. हा निसटला नाही. चटई इकडून तिकडे गेली आणि तो जिथल्या तिथे होता. सासूने डोळे उघडले नाहीत. फक्त म्हणाली, "त्याला जेवू दे गं."

माझा नेम चुकला असणार. चटई जड होती.

४

तो आला तेव्हा उन्हं अजून अंगणात पुरती उतरली नव्हती. कपाळाला पट्टा लावून पाठीवर बोरूंचा भारा घेतलेला हमाल दारात उभा राहिला. असे हमाल रोज यायचे. मी म्हटलं, तिकडे ठेव. त्याने भारा उतरवला, पट्टा काढला आणि म्हणाला, "सेन्ते."

मला त्या नावाने एकच माणूस हाक मारायचा.

पुढचे दात गेलेले, केस पिकलेले, टाचांना मिठाने पडलेल्या भेगा. मी आधी काय केलं असेल तर त्याच्या पायांकडे पाहिलं, जमिनीला टेकलेत का. टेकले होते. धुळीत ठसेही उठले होते. माझ्या कडेवर शोको होती. त्याने तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तेवढ्यात हे बाहेर आले. हातांना डिंक तसाच. क्षणभर बघत राहिले आणि मग भावाला मिठीच मारली. सोडवताना यांचे हात त्याच्या घोंगडीला चिकटले. दोघेही रडत होते आणि ओढाओढ करत होते. हसावं की रडावं कळेना.

त्याने सांगितलं ते असं. त्याला पकडून लाकडी पिंजऱ्यात ठेवलं होतं. तिथे तापाने फणफणला. आजारी माणूस देवाला चालत नाही, म्हणून त्याच्या जागी दुसऱ्याच कैद्याला सजवून वर चढवलं. सोबत्याने पाहिला तो हा दुसरा. सिपाकला समुद्राकाठच्या मिठागरावर विकलं. तिथून तो पळाला आणि ओझी वाहत-वाहत घरापर्यंत आला.

मला एकदम आठवली ती काटक्यांची बाहुली, तिच्या खांद्यावरचे पंख, तिच्या तोंडावर घातलेली फुंकर. मेलेल्यासाठी केली होती. हा तर जिवंत होता. मग आम्ही ते नाव कोणाला दिलं होतं?  मी शोकोला खाली ठेवलं.

सासू आली. ती त्याच्याकडे बराच वेळ पाहत राहिली. मग मला म्हणाली की पाहुण्यांना पाणी दे.

तो गुडघ्यांवर बसला. "आई, मी सिपाक."

ती रागावली नाही, की दचकली नाही. परक्या माणसाशी बोलावं तसं आदबीने बोलली. "बाबा, माझा सिपाक दुपारी येतो. त्याची वेळ होत आलीय. तू जरा सरकून बस, उजेड अडतोय."

तो हसला. आईला भ्रम झाला असं त्याला वाटलं. मी काही सांगायच्या आतच सूर्य डोक्यावर आला आणि पक्षी भिंतीवरून उतरला. तो सासूच्या तोंडाकडे निघाला होता. मध्येच थांबला आणि वळला. सिपाकच्या डोळ्यांसमोर येऊन उभा राहिला, मग खाली गेला, वर आला, पाठीमागून जाऊन दुसऱ्या बाजूने आला. बाजारात बाई कापड उलटसुलट करून बघते, तसं त्याने त्याला बघितलं.

सिपाकचं हसू कधी गेलं ते मला दिसलं नाही. मी पक्ष्याकडेच पाहत होते.

५

देवाला वाहिलेला माणूस पळून आला तर आमच्यात त्याला घर नाही, नाव नाही. वस्तीच्या पंचांना कळलं असतं तर त्याला चौकात काठ्यांनी मारला असता. वर चार वर्षं वीराचे घरवाले म्हणून आम्ही जो मान मिरवला, त्याचाही जाब द्यावा लागला असता. यांनी ठरवलं की बाजाराच्या दिवशी कालव्यात होड्यांची दाटी असते, तेव्हा त्याला बोरूंखाली झोपवून तळ्याच्या दक्षिणेला न्यायचं. तिकडच्या तरंगत्या मळ्यांवर यांचा एक मित्र होता. तोवर त्याला पिसांच्या खोलीत ठेवायचं.

मी कोणाची बायको, हा विषय कोणीच काढला नाही. शेवटी मीच भाकरी द्यायला गेले तेव्हा काढला. मी तुमच्याबरोबर यायचं का, असं विचारलं. 'तुम्ही' म्हणू की 'भाऊजी' म्हणू, हेही मला समजत नव्हतं.

तो म्हणाला, "नको. तू आहेस तिथे बरी आहेस, तो तुला जपतो. मला फक्त आईने एकदा नावाने हाक मारू दे. मग मी जातो."

मी त्याच दिवशी सासूच्या पाया पडले. एकदा हाक मारा, तुमचं काय जातंय, म्हणून विनवलं. ती म्हणाली की एका नावाला दोघं आले तर वर कोणी जायचं आणि खाली कोणी राहायचं?

मला ते म्हातारपणाचं बोलणं वाटलं.

६

पहिल्या दिवशी तो अधाशासारखा जेवला. मक्याच्या भाकऱ्या, घेवडा, मिरचीचं कालवण, सगळं पुसून खाल्लं. दुसऱ्या दिवशी अर्धं परत आलं. मग तो नुसतं मधाचं पाणी मागायला लागला. मिठागरावर उपासमार झालेल्याच्या पोटाला अन्न सोसत नाही, मी म्हटलं.

पिसांच्या खोलीत जमिनीवर नेहमी बारीक लव साचलेली असते. तिथे नुसतं वळलं तरी ती घोट्यापर्यंत उडते. आम्ही बायका तिथे पाय घासत, श्वास धरून चालतो. त्या दिवशी मी वाटी घेऊन दारात उभी राहिले आणि तो पलीकडच्या भिंतीपासून माझ्यापर्यंत चालत आला. लव हलली नाही. एकही तूस उठलं नाही. त्याने वाटी घेतली, परत गेला आणि बसला. मी खाली वाकून फुंकर घातली. लव भसकन माझ्या तोंडावर आली.

तेव्हाच मला ते ऐकू आलं. भुंगा मडक्यात अडकावा तसा बारीक, न थांबणारा आवाज. मी वर पाहिलं, कोपऱ्यात पाहिलं. आवाज त्याच्या छातीतून येत होता. त्याला विचारलं, छातीत काही घरघर होते का. त्याला काही जाणवत नव्हतं. मीठ छातीत बसलं असेल, असं मी यांना सांगितलं. यांनी मान हलवली. यांनाही तो आवाज ऐकू आला होता, पण तोवर ते माझ्याशी बोलले नव्हते.

पक्षी आता अंगणात येत नव्हता. सूर्य डोक्यावर आला की छताच्या भोकातून सरळ त्या खोलीत उतरायचा. मी भोकावर मडकं पालथं घातलं. दुसऱ्या दिवशी मडकं गच्चीवर सरळ ठेवलेलं होतं. सासू बाहेर मध घेऊन बसायची आणि रिकाम्या अंगणाकडे पाहायची. ती रडत नव्हती. कोणाची तरी बाजू घ्यायची की नाही, असा विचार करत असल्यासारखी दिसायची.

बाजाराच्या आदल्या दिवशी सिपाकने मला विचारलं, "आई हाक मारते का मला?"

मी नाही म्हटलं.

"मग कोण मारतं? दुपारी, तिच्याच आवाजात." त्याने बोटाने तुळई दाखवली. "तिथून."

तुळईच्या खालच्या अंगाला पक्षी लटकला होता. चोच लाकडात रुतलेली, अंग सुकलेलं, रंग उडून मातीसारखा झालेला. थंडीत काही गुंजनपक्षी असे झाडाला चोच रोवून लटकतात आणि मेल्यासारखे वाळतात, झाडं हिरवी झाली की पुन्हा जागे होतात. रानातले लोक ते फळं तोडावी तसे तोडून आणून आम्हाला देतात. म्हणजे यात नवल नव्हतं. नवल एवढंच होतं की घटकेपूर्वी तो लखलखत माझ्या डोक्यावरून भोकातून आत गेला होता.

"तो झोपला की मलाही झोप येते," सिपाक म्हणाला. "आणि तो उठतो तेव्हा मला वरून सगळं दिसतं. तू, आई, ही खोली. मी पण दिसतो, बसलेला."

मी त्याला म्हटलं की उद्या तुम्ही इथून जाल, मोकळ्या हवेत बरं वाटेल. त्याने मान हलवली. शहाण्या मुलासारखी. मी बाहेर आले आणि चुलीत आणखी लाकडं सारली.

७

बाजाराच्या दिवशी हे सकाळीच होडी आणायला गेले. यायला उशीर होत होता. मी शोकोला कडेवर घेऊन अंगणात येरझारा घालत होते. सूर्य डोक्यावर येत चालला तशी सासू उठली. मधाची वाटी घेतली आणि पिसांच्या खोलीत गेली. मागे दोन्ही चटया तिने नीट सोडल्या.

मी चटईपाशी जाऊन उभी राहिले. आतून तो भुंग्याचा आवाज येत होता, रोजच्याहून मोठा. मग सासू बोलली.

"सिपाक."

माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. शेवटी मारली तिने हाक. आता तो सुखाने जाईल, असं मला वाटलं.

"ओ, आई," आतून तो म्हणाला. आवाज फुटलेला, जमिनीलगतचा. तो बसलेला असणार.

आणि लगेच, तुळईच्या उंचीवरून, त्याच आवाजात, तसंच फुटून कोणीतरी म्हणालं, "ओ, आई."

शोको कडेवर होती. तिने वर पाहिलं आणि माझ्या मानेत तोंड खुपसलं.

गुणगुण वाढत गेली. माझ्या दातांत, कानाच्या पाळ्यांत, कडेवरच्या पोरीच्या पाठीत ती मला लागत होती. मग एकदम थांबली. अशी शांतता झाली की पलीकडे नेकावालच्या घरी पाट्यावरचं वाटणं थांबलेलंही मला कळलं. मी पोरीला खाली ठेवलं आणि दोन्ही चटया एकदम वर केल्या.

भोकातून उन्हाचा खांब खाली आला होता. त्यात सासू बसली होती, तोंड वर, ओठ ओले, ओठांवरून हनुवटीपर्यंत रक्ताची बारीक रेघ. समोर सिपाकची घोंगडी पडली होती, खांद्यावरची गाठ न सोडलेली. लंगोटी पडली होती, तिचीही गाठ तशीच. भोवतालची लव जागची हलली नव्हती. त्या खोलीला दुसरं दार नव्हतं. दारात मी होते.

मी वर पाहिलं. तुळईला दोन पक्षी लटकले होते. शेजारी शेजारी, चोची लाकडात, दोन्ही वाळलेले, मातीच्या रंगाचे.

मी ओरडले असेन. सासूने ओठांवर बोट ठेवलं. कितीतरी वर्षांत तिचा चेहरा इतका निवांत पाहिला नव्हता.

"हळू बोल," ती म्हणाली. "आत्ताच डोळा लागलाय दोघांचा."

८

हे आले तेव्हा मी अंगणात जमिनीवर बसले होते. मी पिसांच्या खोलीकडे हात केला. हे आत गेले. आधी त्यांनी भावाला शोधलं, पिसांचे करंडे उपसले, भिंती चाचपल्या, गच्चीवर जाऊन आले. आईला विचारलं. तिने फक्त वर पाहिलं. मग यांनी एक करंडा पालथा घातला, त्यावर चढले आणि तुळईकडे हात नेला. मी तोवर दारात येऊन उभी राहिले होते. हात पक्ष्यांपर्यंत पोचला आणि तिथेच थांबला.  मग उतरले, आईला उचलून बाहेर आणलं आणि परसातल्या कच्च्या विटा आणायला लागले.

त्याच दुपारी त्यांनी ते दार बुजवलं, छताचं भोकही बुजवलं. पिसं, करंडे, ती देवाची ढाल, सगळं आत राहिलं. देवळाचा माणूस ढाल न्यायला आला तेव्हा यांनी ती जळाली म्हणून सांगितलं. त्याबद्दल पंचांनी यांना पिसकामातून काढलं. आळी सोडावी लागली नाही, पण आमच्या चुलीवर पुन्हा रंगाचं पाणी उकळलं नाही. आम्ही तळ्यातले बोरू कापून चटया विणायला लागलो.

सासू त्या बुजवलेल्या दाराला कान लावून बसायची. समाधानी असायची. झाडांना पालवी फुटण्याच्या आधीच ती गेली. आम्ही तिला धुतलं तेव्हा तिचं अंग एका हातावर तोललं जात होतं. तिचा शेवटचा दिवस जवळ आला तेव्हा नेकावाल बघायला आली होती. तिने कोणाला काही विचारलं नाही आणि पुन्हा कधी थट्टाही केली नाही.

मी यांना कधी विचारलं नाही. रात्री हे दचकून उठायचे, तेव्हाही नाही. शोको चालायला लागल्यावर एकदा आम्ही तिघं बोरू कापायला होडीतून तळ्यात गेलो होतो. लख्ख ऊन होतं, आजूबाजूला होड्या होत्या, माणसं एकमेकांना हाका मारत होती. पोर भाऱ्यावर झोपली होती. मला वाटलं, अशा उजेडात विचारायला हरकत नाही. मी विचारलं, करंड्यावर चढून हात वर केलात, तेव्हा काय झालं?

यांनी काठी पाण्यात रोवली. होडी थांबली.

"मी हात लावणार, तेवढ्यात त्यातल्या एकाने डोळे उघडले," ते म्हणाले. "मला ओळखलं त्याने. लहानपणी मार खाताना भाऊ बघायचा ना माझ्याकडे, तसा बघत होता."

मी झोपलेल्या पोरीला जवळ ओढलं. मग म्हटलं, "आणि दुसरा?"

"त्याचे उघडेच होते. तो माझ्याकडे बघत नव्हता." यांनी काठी उपसली आणि होडी पुढे ढकलली. "तो दाराकडे बघत होता. तू उभी होतीस ना, तिकडे."